दुसरी सही कोण करणार?

महाराष्ट्राने रॅगिंगविरुद्धचा कायदा केला तो १९९९ साली. त्यातली रॅगिंगची व्याख्या आजही मुद्दाम काढून वाचावी अशी आहे. मारहाण, धमकी, शिवीगाळ हे तर तिच्यात आहेच, पण चिडवणं आणि चेष्टामस्करीही आहे. ज्याने विद्यार्थ्याला शारीरिक किंवा मानसिक इजा होईल, भीती वाटेल, लाज वाटेल, असं वागणं म्हणजे रॅगिंग. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. तक्रार येऊनही संस्थेच्या प्रमुखाने कानाडोळा केला, तर त्याने गुन्ह्याला साथ दिली असं धरायचं, हेसुद्धा कायद्यातच लिहून ठेवलंय.

आता हाच विद्यार्थी आयटीआय नाहीतर डिप्लोमा करून चाकणला, वाळूजला किंवा सातपूरला कंपनीत लागतो. वय वीस-एकवीस. सतावणारे चार-पाच वर्षांनी मोठे. होस्टेलवर व्हायचं तेच इथेही होतं, फक्त रात्री खोलीत व्हायचं ते आता शिफ्टमध्ये मशीनवर होतं. पण कायद्याच्या लेखी हे रॅगिंग नाही, कारण तो आता विद्यार्थी नाही. मुलगी असेल आणि त्रास लैंगिक असेल तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे. अनुसूचित जाती-जमातीतला असेल आणि जातीवरून अपमान झाला असेल तर अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा आहे. कोणी हात उचललाच तर भारतीय न्याय संहिता आहे. ह्या तिन्हींत न बसणारा, रोज थोडा थोडा करून दिला जाणारा त्रास मात्र 'आपसांत मिटवा' ह्या खात्यात जमा होतो. आणि आपसांत म्हटलं की बळी तो कान पिळी.

अशा ठिकाणी एखादा नवा कामगार येतो, दोन दिवस बघतो, तिसऱ्या दिवशी टोळीच्या म्होरक्याची कॉलर धरतो आणि त्या किरकोळ अंगाच्या पोराला सोडवतो. ही गोष्ट आपल्याला फार आवडते. चहाच्या टपरीवर ती सांगणाऱ्याभोवती घोळका जमतो. माझं म्हणणं असं की ही गोष्ट आवडणं सोपं आहे म्हणूनच आपण तिच्यावर भागवतो. प्रत्यक्षात कॉलर धरणाऱ्याचं काय होतं, हे घोळक्यातल्या निम्म्या लोकांना ठाऊक असतं. कारखान्याच्या स्थायी आदेशांत, म्हणजे कामाच्या अटींच्या आणि शिस्तीच्या लेखी नियमांत, आवारातली दांडगाई आणि शिस्तभंग हे गैरवर्तन आहे. आधी कोणी कोणाला छेडलं, ह्याची चौकशी होईल तेव्हा होईल. मारामारी झाली की दोघांनाही गेटबाहेर, हा रिवाज. त्यातला एक पर्मनंट असेल तर त्याला चार्जशीट मिळते, त्याची चौकशी बसते, युनियनचा माणूस त्याच्या बाजूला बसतो. दुसरा ठेक्यावरचा असेल तर त्याला उद्यापासून येऊ नको एवढंच सांगतात. तेही कंपनी सांगत नाही, ठेकेदाराचा माणूस फोनवर सांगतो.

म्हणजे ज्याच्याकडून आपण धाडसाची अपेक्षा करतो, तोच तिथे सगळ्यात सहज काढून टाकता येण्याजोगा माणूस असतो. नव्या माणसाला दिसतं सगळं, कारण त्याची नजर अजून मरलेली नसते. जुन्यांना तोच प्रकार रोजचा झालेला असतो. पण नवा प्रोबेशनवर असतो किंवा ट्रेनी असतो किंवा सहा-सात महिन्यांच्या ठेक्यावर असतो. आपल्याकडे शॉप फ्लोअरवर दोनशे चाळीस हा आकडा झाडूवाल्यालाही पाठ असतो. वर्षात सलग २४० दिवस भरले की कायम होण्याचा हक्क सांगता येतो, म्हणून त्याआधीच 'ब्रेक' द्यायचा ही पद्धत. हा ब्रेक द्यायला कारण लागत नाही. त्यामुळे नव्याने तोंड उघडलं म्हणून त्याला काढलं, असं कधीही सिद्ध होत नाही. त्याची मुदत संपलेली असते, बस्स.

मी ऑटो कंपोनंटच्या एका कारखान्यात क्वालिटीला होतो तेव्हा बघितलेला एक प्रकार सांगतो. डीबरिंगला, म्हणजे पीसच्या धारदार कडा घासून काढायच्या कामाला, किनवटकडचा एक हेल्पर होता. अंगाने इतका बारीक की कंपनीचा बॉयलर सूट त्याला दोन ठिकाणी दुमडून घालावा लागे. त्याचे सेफ्टी शूज लपवणं हा ठरलेला खेळ. शूज नसले की सिक्युरिटी फ्लोअरवर सोडत नाही, आणि पंचिंगला उशीर झाला की अर्धा दिवस जातो. डबा कधी रिकामा मिळे, कधी त्यात कूलंटने, म्हणजे मशीन थंड ठेवायच्या द्रवाने, भिजलेला बोळा. पण खरा घाव वेगळा होता. सेटिंग करताना ऑपरेटरकडून जे पीस वाया जातात, ते टॅग लावून लाल बिनमध्ये, म्हणजे रद्द मालाच्या पेटीत, टाकायचे असतात. टॅगवर ऑपरेटरचा नंबर येतो. दोन-तीन ऑपरेटर आपले वाया गेलेले पीस गुपचूप ह्याच्या बिनमध्ये सरकवायचे. शिफ्ट संपताना रिजेक्शन ह्याच्या नावावर. ठेकेदाराचा सुपरवायझर सगळ्यांसमोर त्याचा उद्धार करायचा आणि ते ऑपरेटर बाजूला उभे राहून हसायचे. शूज आणि डबा ही मस्करी म्हणून खपली असती, पण हा बिनचा प्रकार पोटावर पाय होता.

त्या सुमाराला डिप्लोमा केलेला एक ट्रेनी लाइनवर आला. लातूरकडचा, उंच, आवाज मोठा. सगळ्यांना वाटलं, आता हा भिडणार. तो भिडला नाही. त्याने पहिल्यांदा त्या पोरालाच विचारलं, "तुझं म्हणणं काय? मी बोलू का?"

"नको दादा. तुम्ही बोलाल, मग तुम्ही सेकंड शिफ्टला, मी फर्स्टला. तेव्हा काय करायचं मी?"

हे उत्तर मी पुष्कळदा आठवतो. मदत करायला निघालेल्या बहुतेकांनी हा प्रश्न विचारलेलाच नसतो. ज्याचा त्रास आहे त्याला त्या जागेचा नकाशा आपल्याहून चांगला ठाऊक असतो. कुठल्या शिफ्टला कोण असतं, कोणाचा कोण भाऊबंद, कुठल्या सुपरवायझरला सांगितलं की दहा मिनिटांत ते म्होरक्याला कळतं. त्याला न विचारता केलेली मदत त्याच्या अंगावर दुप्पट होऊन येते, आणि ती मदत करणारा तेव्हा तिथे नसतो.

मग त्या दोघांनी केलं ते एवढंच. शिफ्ट सुरू होताना बिन रिकामा असल्याची नोंद लॉगबुकात, वेळ टाकून. चहाच्या सुट्टीला जाताना आणि आल्यावर पीस मोजून पुन्हा नोंद. प्रत्येक नोंदीखाली हेल्परची सही आणि शेजारी ट्रेनीची. माझ्याकडे रिजेक्शनचं रजिस्टर आलं तेव्हा प्रथमच आकडे बोलायला लागले. पीस वाढायचे ते नेमके चहाच्या पंधरा मिनिटांत. एकट्या हेल्परने हेच लिहिलं असतं तर कोणी ढुंकून बघितलं नसतं. ठेक्यावरच्या पोराच्या अक्षरावर कोण विश्वास ठेवणार? शेजारी दुसऱ्याची सही आली आणि कागदाला वजन आलं. लाल बिनला झाकण आणि कुलूप लागलं, टॅगशिवाय पीस घ्यायचा नाही असा फलक लागला. कोणावर कारवाई झाली नाही. टोमणे थांबले नाहीत, उलट ट्रेनीला 'वकीलसाहेब' हे नवं नाव पडलं. शूज लपवणं मात्र बंद झालं, कारण आता लिहिलं जातं हे कळलं होतं.

ट्रेनीला काही महिन्यांनी ब्रेक मिळाला आणि पुन्हा बोलावणं आलं नाही. त्याची मुदत संपलीच होती. लॉगबुकातल्या सह्यांमुळे त्याला बोलावलं नाही असं मी कुठल्याही कोर्टात सांगू शकणार नाही, आणि माझा सगळा मुद्दा तिथेच आहे.

ही दुसरी सही इतकी मोलाची का असते, ह्यावर सॉलोमन अ‍ॅश ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचे १९५० च्या दशकातले प्रयोग प्रसिद्ध आहेत. खोलीत सात-आठ जण बसवायचे, त्यातला एकच खरा, बाकी सगळे आधी पढवलेले. कार्डावरच्या रेघांपैकी कुठली रेघ नमुन्याएवढी आहे ते मोठ्याने सांगायचं. पढवलेले सगळे धडधडीत चुकीचं उत्तर देतात. समोर ढळढळीत दिसत असूनही खरा माणूस एक-तृतीयांशाहून जास्त वेळा बहुमताच्या चुकीला मान तुकवतो. हे सगळ्यांना माहीत असतं. पुढचा भाग कमी सांगितला जातो. त्या खोलीत खरं बोलणारा एकच जोडीदार बसवला की मान तुकवण्याचं प्रमाण जवळपास पाव हिश्श्यावर येतं. बहुमत तेवढंच, दबाव तोच, फक्त एक आवाज शेजारी. आणि त्याहून पुढचा भाग: जोडीदार मध्येच बहुमताला जाऊन मिळाला तर चुका एकदम उसळतात. पण तो काही निमित्ताने खोलीतून नुसता निघून गेला, तर त्याने दिलेला धीर बऱ्याच अंशी मागे टिकतो.

म्हणजे नव्या माणसाने कायम राहण्याची गरज नाही. तो गेला तरी चालेल. तो टोळीत सामील झाला तर मात्र त्या पोराचं आधीपेक्षा वाईट होतं. आणि बहुतेक नवे सामील होतात, ते दुष्ट असतात म्हणून नव्हे. पहिल्या आठवड्यात त्यांना दोनच वाटा दिसतात, हसणाऱ्यांत उभं राहायचं किंवा ज्याला हसतात त्याच्या शेजारी. पहिली वाट फुकट आहे. दुसरीची किंमत किती हे त्याला ब्रेकच्या दिवशी कळतं. ह्या दुसऱ्या वाटेची किंमत कमी करणं हे कायद्याचं काम आहे, भाषणांचं नव्हे.

ह्यावर पहिला आक्षेप ठरलेला. शॉप फ्लोअर म्हणजे बालवाडी नव्हे, थोडी मस्करी चालायचीच, त्याशिवाय आठ तास जातात कसे? मस्करी चालायचीच, हे मलाही मान्य. पण कारखान्यातली मस्करी कुठवर जाते ते एकदा नीट बघू. मशीनवरची चिप्स, म्हणजे धातूचा कीस, उडवायला कॉम्प्रेस्ड हवेचा पाइप असतो, दाब साधारण सहा-सात बार. हा पाइप मस्करीत सहकाऱ्याच्या गुदद्वाराशी लावायचा, हा प्रकार आपल्या औद्योगिक वसाहतींत अजिबात दुर्मिळ नाही. आतडं फाटतं, माणूस मरतो. पुण्यासकट देशभरातून अशा मृत्यूंच्या बातम्या पुन्हा पुन्हा येत राहिल्यात, आणि मरणारे बहुतेकदा वयाने लहान, हेल्पर, नुकते लागलेले. पकडलेला माणूस पोलिसांना सांगतो ते एकच, मस्करी करत होतो. मला हे खोटं वाटत नाही. त्याच्या लेखी ती मस्करीच होती. शूज लपवणं, डब्यात बोळा, पाइप ही त्याच्या मनात एकाच माळेतली मणी होती आणि पहिल्या दोन वेळी आजूबाजूला सगळे हसले होते. तिसऱ्या वेळी पाइप हातात घेण्याआधी कोणीतरी 'ए, सोड' म्हणायला हवं होतं. तिथे उभ्या असलेल्यांपैकी कोणी म्हटलं नाही, कारण आपण बरं आणि आपलं काम बरं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो चांगल्या सुपरवायझरांकडून येतो. उद्या मी कामचुकाराला झापलं तर तोही छळाची तक्रार करेल, मग लाइन चालवायची कशी? ह्याचं उत्तर आपल्या न्यायालयांनी बऱ्यापैकी दिलंय. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं की वरिष्ठाने कामावरून खडसावणं म्हणजे हेतुपुरस्सर अपमानाचा गुन्हा नव्हे. बरोबरच आहे. जपानने २०१९ मध्ये ह्यावर कायदा केला, २०२० पासून मोठ्या आणि २०२२ पासून लहान कंपन्यांनाही लागू केला, तेव्हा तीन कसोट्या एकत्र ठेवल्या: करणाऱ्याचा वरचष्मा हवा, वागणं कामाच्या गरजेबाहेरचं हवं, आणि त्यामुळे दुसऱ्याला काम करणं अवघड झालेलं हवं. पीस वाया घालवला म्हणून ओरडणं पहिल्याच फटक्यात ह्यातून बाहेर पडतं. स्वतःचा वाया गेलेला पीस दुसऱ्याच्या बिनमध्ये टाकणं बाहेर पडत नाही. आणि वरचष्मा म्हणजे फक्त हुद्दा नव्हे, हे जपानी नियमांत मान्य आहे. संख्येचा आणि अनुभवाचा वरचष्माही त्यात धरतात. आपल्याकडे त्यात पर्मनंट-ठेका हाही भेद घालायला हवा, आणि जात तर हवीच.

जातीचा विषय काढला की काही वाचक अस्वस्थ होतात, पण मराठी मुलखातला कारखाना ह्या प्रश्नापासून कधीच मोकळा नव्हता. मुंबईच्या गिरण्यांत तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात येऊ देत नसत. तिथे पगार जास्त. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न लावून धरला, आणि ती बंदी घालणारे मालक नव्हते, शेजारचे कामगार होते. अगदी आपल्या काळात या. मे २०१९ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयातल्या डॉ. पायल तडवी यांचा मृत्यू झाला. त्या तडवी भिल्ल समाजातल्या, पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या निवासी डॉक्टर. वरिष्ठ सहकाऱ्यांवर छळाचे आरोप आहेत, आधी तक्रार करूनही काही झालं नाही असं घरच्यांचं म्हणणं. दोष कोणाचा ते न्यायालय ठरवेल. मला इथे एवढंच दाखवायचंय की निवासी डॉक्टर अर्धा विद्यार्थी असतो, म्हणून तिथे रॅगिंगचा कायदा लावता आला. त्याच वॉर्डात, त्याच रात्री, तोच त्रास ठेक्यावरच्या नर्सला झाला असता तर तो कायदा तिच्यासाठी नव्हता.

युनियन काय करतात, हा प्रश्न कोणीतरी विचारेलच. मी युनियनच्या विरोधातला माणूस नाही. पण खरं सांगायचं तर इथे त्यांची पंचाईत होते. सतावणारा बहुतेकदा सभासद असतो आणि ज्याला सतावतात तो ठेक्यावरचा, म्हणजे सभासद नसतो. चौकशी बसली की युनियनला सभासदाचा बचाव करावा लागतो. तो त्यांचा धर्मच आहे. एखादा समंजस अध्यक्ष बाहेर टपरीवर आपल्या माणसाला चार शब्द सुनावतो, पण ते कुठल्या कागदावर येत नाही.

ऑफिसातला त्रास वेगळ्या चालीचा असतो. रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर केलेली खिल्ली, मीटिंगमधून मुद्दाम वगळणं, दुसऱ्याचं काम आपल्या नावावर खपवणं. वाईटच, पण तिथे निदान स्क्रीनशॉट असतो. कारखान्यात मोबाइल गेटवर जमा करावा लागतो. सीसीटीव्ही असतो, पण फुटेज कोणाच्या ताब्यात, हे सांगायला नको. फ्लोअरवर घडलेल्या गोष्टीचा पुरावा म्हणजे शेजारी उभा असलेला माणूस, दुसरं काही नाही. म्हणूनच त्या माणसाला राखण्याची तरतूद नसलेला कुठलाही कायदा तिथे कागदी राहणार.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने हे ओळखलंय. कामाच्या ठिकाणच्या हिंसा आणि छळाविरुद्धचा तिचा १९० क्रमांकाचा करार जून २०१९ मध्ये मंजूर झाला, जून २०२१ मध्ये अमलात आला. त्यात तक्रारदार आणि पीडित यांच्या बरोबरीने साक्षीदारांनाही सूडापासून संरक्षण द्या, असं नाव घेऊन म्हटलंय. प्रशिक्षणार्थी, उमेदवार, कुठल्याही ठेक्यावरचे कामगार हे सगळे त्याच्या कक्षेत आहेत. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. आपल्या नव्या औद्योगिक संबंध संहितेत वीस किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती सांगितली आहे. निम्मे प्रतिनिधी कामगारांचे, तक्रारीला एक वर्षाची मुदत, निर्णय तीस दिवसांत. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. चौकट वाईट नाही. पण स्थायी आदेशांची सक्ती तिने तीनशे कामगारांवर नेऊन ठेवली. जुन्या केंद्रीय कायद्यात ती शंभरावर होती. आपल्या एमआयडीसीतले बहुसंख्य कारखाने तीनशेच्या आतच बसतात, आणि हवेचे पाइप तिथेही असतात.

समित्या कागदावर राहतात, हेही मला ठाऊक आहे. २०१३ च्या कायद्याखालच्या अंतर्गत समित्यांची काय स्थिती आहे, ते सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये गोवा विद्यापीठाच्या प्रकरणात निकाल देताना सुनावलंच आहे. दहा वर्षं होऊनही कित्येक ठिकाणी समिती नाही किंवा नियमाप्रमाणे नाही. पण म्हणून तो कायदा नको होता असं कोणी म्हणत नाही. समिती नसणं हा निदान आता दोष ठरतो, त्यावर बोट ठेवता येतं. छळाचा त्रास सांगणाऱ्या पुरुष हेल्परला बोट ठेवायलाही जागा नाही.

गिरणगावाच्या इतिहासातलं आणखी एक उदाहरण इथे उपयोगी आहे. जॉबरच्या, म्हणजे गिरणीतल्या मुकादमाच्या, हातात भरती, बदल्या, रजा सगळं असे आणि त्यासाठी तो दस्तुरी, म्हणजे वरकमाई, घेई. १९२९ मध्ये कामगारांच्या प्रश्नांवर नेमलेल्या रॉयल कमिशनपुढे ह्याचे ढीगभर दाखले आले. तेव्हाही कामगारांनी जॉबरसमोर ताठ उभं राहावं, असा उपदेश करणारे होतेच. उपदेशाने काही हललं नाही. १९३५ पासून गिरण्यांत बदली कामगारांची, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी घेतल्या जाणाऱ्यांची, नोंद ठेवून भरतीचा क्रम ठरवायची योजना आली, तेव्हा जॉबरच्या लहरीला थोडा चाप बसला. थोडाच, पण बसला. आज ठेकेदाराचा सुपरवायझर त्याच खुर्चीवर बसलेला आहे.

माझी मागणी फार मोठी नाही. रॅगिंगच्या कायद्यातली व्याख्या महाराष्ट्राने कामाच्या ठिकाणाला लावावी. कामगार हा विषय समवर्ती सूचीतला आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो; केंद्राच्या संहितेशी कुठे खटका उडाला तर राष्ट्रपतींची संमती घेता येते. ठेक्यावरच्या कामगाराची तक्रार मूळ मालकाच्या समितीने घ्यावी, 'तुझ्या ठेकेदाराला सांग' हे उत्तर बंद व्हावं. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे: ज्याने तक्रारीवर साक्षीदार म्हणून सही केली, त्याला पुढचे सहा महिने प्रोबेशन संपलं, मुदत संपली, ब्रेक आला, कुठल्याही नावाखाली काढायचं असेल तर मालकाने आधी समितीसमोर लेखी कारण द्यावं. ते कारण साक्षीशी संबंधित नाही, हे सिद्ध करण्याचं ओझं मालकावर राहावं.

ह्याचा गैरफायदा घेतला जाईल. ब्रेक टाळण्यासाठी कोणीतरी खोटी साक्ष देईल. देऊ द्या. तीस दिवसांत समिती त्याचा निकाल लावू शकते, आणि खोटं ठरलं तर त्याला काढायला आणखी एक कारण मिळतं. त्या बदल्यात एखादा खरा साक्षीदार वाचला तर हा सौदा मला परवडतो. मालकांनाही परवडावा, कारण चहाच्या पंधरा मिनिटांत लाल बिनबाहेर सरकवलेला प्रत्येक पीस शेवटी ग्राहकाकडे जाऊन परत येण्याची शक्यता असते, आणि ते रिजेक्शन कोणा हेल्परच्या नावावर टाकता येत नाही.

कायदा येईपर्यंत नव्या पोरांना मी सांगतो ते असं. आधी ज्याला त्रास आहे त्याला विचारा. त्याने नको म्हटलं तर गप्प बसा, पण हसू नका, आणि जेवायला त्याच्या टेबलावर बसा. त्याने हो म्हटलं तर वेळ-तारीख टाकून लिहा, रजिस्टर कंपनीचं असेल तर आणखी चांगलं, कारण ते फाडणं हा वेगळा गुन्हा होतो. साहेबाकडे एकट्याने जाऊ नका आणि त्यालाही एकट्याला पाठवू नका. हात कधीही उचलू नका. आणि हवेचा पाइप कोणाच्या अंगाकडे वळलेला दिसला, तर त्या वेळी मात्र विचारत-लिहीत बसू नका, सरळ जाऊन व्हॉल्व्ह बंद करा आणि सेफ्टी ऑफिसरला जागेवर बोलवा.